झारची गाडी बर्फातून बाहेर काढणाऱ्या मेकॅनिकने डीसीटी गिअरबॉक्स आणला, पण तो रस्त्यावर धावलेला बघायला तो उरला नाही

स्पोर्टी गाडी घ्यायची ठरली की मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो. मॅन्युअल घ्यायची की डीसीटी? एका गटाचं म्हणणं असतं की क्लच दाबून स्वतःच्या हाताने गिअर टाकला नाही तर ते ड्रायव्हिंगच नाही. दुसऱ्या गटाचं म्हणणं असतं की हे बोलणारे रोज संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकत नसावेत.

या भांडणातलं डीसीटी म्हणजे ड्युअल क्लच ट्रान्समिशन. ही कालपरवाची जर्मन भानगड आहे असं बऱ्याच जणांना वाटतं, कारण डीएसजी, पीडीके ही नावं जर्मन कंपन्यांनीच घराघरात पोहोचवली. पण कल्पना त्याहून कितीतरी जुनी आहे. १९३९ साली एका फ्रेंच माणसाने ती गाडीत बसवून दाखवली होती. हा माणूस त्याआधी रशियाच्या झारचा ड्रायव्हर होता. त्याने लावलेल्या एका शोधावर सहारा पार झालं, गाड्या गिलगिटपर्यंत गेल्या आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यही धावलं.

त्याचं नाव अडॉल्फ केग्रेस.

झारच्या गॅरेजमधला फ्रेंच माणूस

केग्रेसचा जन्म २० जून १८७९ चा. गाव फ्रान्सच्या पूर्वेकडचं एरिकूर. शिक्षण मोंबेलियार इथे झालं. गाड्यांचा धंदा तेव्हा नुकता रांगायला लागला होता आणि ज्याला इंजिन कळतं अशा माणसाला युरोपभर मागणी होती.

१९०५ मध्ये केग्रेसने रशियाची राजधानी सेंट पीटर्सबर्ग गाठली. तिथे त्याला मिळालेलं काम साधंसुधं नव्हतं. झार दुसरा निकोलस याच्या गाड्यांची जबाबदारी त्याच्याकडे आली. राजवाड्याचं गॅरेज त्सारस्कोये सेलो इथे होतं आणि तिथल्या तांत्रिक विभागाचा प्रमुख केग्रेस होता. झारची गाडी चालवायलाही तोच बसायचा.

आता झारकडे गाड्या म्हणजे त्या काळातल्या उत्तमातल्या उत्तम. पण रशियाच्या हिवाळ्यापुढे सगळ्या सारख्याच. बर्फ पडला की चाकं जागेवर गरगर फिरायची आणि गाडी रुतून बसायची. साम्राज्याचा मालक असलेल्या माणसाला वर्षातले कित्येक महिने गाडी सोडून घोड्याच्या घसरगाडीत बसावं लागायचं.

केग्रेसने यावर उपाय शोधला. मागची चाकं काढून तिथे त्याने पट्टा बसवला. तेव्हा साखळीसारखे लोखंडी पट्टे असायचे, पण ते जड, आवाज करणारे आणि वेगात न टिकणारे. केग्रेसचा पट्टा लवचिक होता. एका टोकाला मोठं चाक, दुसऱ्या टोकाला दुसरं आणि मध्ये छोटे रोलर. गाडीचं वजन चार ठिकाणी टेकण्याऐवजी लांबलचक पट्ट्यावर पसरलं, त्यामुळे ती बर्फात रुतायची थांबली. पुढच्या चाकांना स्की जोडली की झाली बर्फावरची मोटार.

झारच्या पॅकार्डला ही व्यवस्था बसवली गेली. पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात रशियन सैन्याच्या चिलखती गाड्यांनाही ती बसवायची ठरली. राजाच्या सोयीसाठी केलेली जुगाड बघता बघता लष्करी तंत्रज्ञान बनली.

आणि मग आलं १९१७.

राजा गेला, नोकरी गेली, पट्टा राहिला

रशियात क्रांती झाली. झारची सत्ता गेली आणि पुढच्याच वर्षी झारला कुटुंबासकट मारण्यात आलं. केग्रेससाठी या सगळ्याचा अर्थ सरळ होता. ज्याच्या नावावर बारा वर्षं उभी केली तो मालकच उरला नव्हता आणि राजवाड्याच्या माणसाला नव्या राज्यात जागा नव्हती. चाळिशीच्या उंबरठ्यावर असलेला हा गडी पुन्हा फ्रान्सला परतला.

गंमत बघा. झारशाही उलथवणाऱ्या नव्या सरकारला झारच्या मेकॅनिकचा शोध मात्र हवा होता. खुद्द लेनिनच्या वापरातल्या एका रोल्स रॉईसला केग्रेसचा पट्टा बसवला गेला. मॉस्कोजवळच्या गोर्की लेनिन्स्किये इथल्या संग्रहालयात ती गाडी आजही बघायला मिळते.

इकडे फ्रान्समध्ये केग्रेसने शून्यातून सुरुवात केली. त्याला जॅक इन्स्टॅं नावाचा उद्योजक भेटला आणि त्याच्यामार्फत ओळख झाली ती आंद्रे सिट्रोएन यांची. सिट्रोएन म्हणजे जाहिरातीचा बादशहा. पुढे आयफेल टॉवरवर दिव्यांनी स्वतःच्या कंपनीचं नाव झळकवणारा माणूस तो हाच. केग्रेसच्या पट्ट्यात त्याला फक्त मशीन दिसलं नाही, अख्खी गोष्ट दिसली. ज्या वाळवंटात रस्ताच नाही तिथून सिट्रोएनची गाडी गेली, तर जगाला वेगळी जाहिरात दाखवायची गरजच काय?

१७ डिसेंबर १९२२ ला अल्जेरियातल्या तुगुर्त इथून ५ गाड्या निघाल्या. इंजिनची ताकद जेमतेम २० हॉर्सपॉवर. म्हणजे आजच्या छोट्यात छोट्या हॅचबॅकच्याही निम्म्याहून कमी. समोर अख्खं सहारा. ७ जानेवारी १९२३ ला त्या टिंबक्टूला पोहोचल्या. जो प्रवास करायला उंटांच्या काफिल्यांना महिने लागायचे, तो तीन आठवड्यांत झाला होता. सहारा मोटारीने पार झाल्याची ही पहिली वेळ होती.

मग सिट्रोएन थांबलेच नाहीत. १९२४-२५ मध्ये ८ गाड्यांचा ताफा अख्खा आफ्रिका खंड उभा पार करत मादागास्करपर्यंत गेला. १९३१ मध्ये त्याहून मोठं धाडस ठरलं. बैरूतहून निघायचं आणि थेट बीजिंग गाठायचं.

या मोहिमेचा आपल्याकडच्या भूगोलाशीही संबंध आहे. सोव्हिएत रशियाने आपल्या हद्दीतून जायची परवानगी नाकारली, म्हणून ताफ्याला हिमालयातून वाट काढावी लागली. श्रीनगरहून दोन गाड्या बुर्झिल खिंडीतून गिलगिटकडे निघाल्या. खच्चरं जेमतेम जातील अशी पायवाट, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी. दरड कोसळून वाट तुटलेली असली की गाडीचे सुटे भाग करायचे, माणसांच्या पाठीवर लादून पलीकडे न्यायचे आणि पुन्हा जोडायचे. अशा रीतीने दोन्ही गाड्या गिलगिटला पोहोचल्या. तिथून पुढे मात्र त्या सोडून द्याव्या लागल्या आणि माणसं जनावरांवर बसून निघाली. चीनच्या बाजूने आलेल्या दुसऱ्या तुकडीला गाठून मोहीम १२ फेब्रुवारी १९३२ ला बीजिंगला पोहोचली.

अमेरिकेच्या सैन्यानेही १९३१ मध्ये सिट्रोएन-केग्रेसची गाडी विकत घेऊन तिचा अभ्यास केला. पुढे दुसऱ्या महायुद्धात हजारोंच्या संख्येने बनलेल्या अमेरिकन हाफ-ट्रॅक गाड्यांची मुळं तिथे सापडतात.

सिट्रोएन यांना गिअर नको होता

गिअरबॉक्सची गोष्ट इथून सुरू होते.

१९३४ मध्ये सिट्रोएन कंपनीने ट्रॅक्शन अवां नावाची गाडी आणली. पुढच्या चाकांना ताकद, चेसिसशिवायची एकसंध बॉडी, हायड्रॉलिक ब्रेक. काळाच्या कितीतरी पुढची गाडी. आंद्रे सिट्रोएन यांना तिच्यात अजून एक गोष्ट हवी होती, ती म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. दिमित्री सांसो द लावो या संशोधकाचं डिझाईन निवडलंही होतं. पण चाचण्यांमध्ये ते टिकेना. गाडी बाजारात आणायची तारीख तोंडावर आलेली, डोक्यावर कर्जाचा डोंगर. शेवटी ऐनवेळी ऑटोमॅटिकचा नाद सोडून ३ गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स घाईघाईने बनवावा लागला.

त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं. टायरवाल्या मिशेलिनने कंपनी ताब्यात घेतली आणि १९३५ मध्ये आंद्रे सिट्रोएन गेले. केग्रेसच्या डोक्यावरचा दुसरा आधार गेला होता. आधी झार, मग सिट्रोएन. पट्ट्यांच्या गाड्यांचं कामही १९३७ पर्यंत आटोपलं.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. केग्रेसने साठीच्या आसपास एक नवाच प्रश्न हातात घेतला.

दोन क्लच कशाला?

हा प्रश्न समजून घ्यायला आधी साध्या गिअरबॉक्समध्ये काय होतं ते बघू.

मॅन्युअल गाडीत इंजिन आणि चाकं यांच्यामध्ये एक क्लच असतो. गिअर बदलायचा म्हणजे क्लच दाबून इंजिनचा चाकांशी असलेला संबंध तोडायचा, जुना गिअर सोडायचा, नवा टाकायचा आणि क्लच सोडून संबंध पुन्हा जोडायचा. या मधल्या क्षणात चाकांना ताकद मिळत नाही. म्हणून गिअर बदलताना गाडी किंचित अडखळल्यासारखी वाटते. चढावर किंवा ओव्हरटेक करताना हाच क्षण नडतो.

केग्रेसचा विचार असा होता की क्लचच दोन ठेवले तर?

एका क्लचवर १, ३, ५ असे विषम गिअर. दुसऱ्यावर २, ४, ६ असे सम गिअर. दोन्ही क्लच एकाच अक्षावर, एकात एक बसवलेले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पळत असते तेव्हा तिसरा गिअर दुसऱ्या बाजूला आधीच टाकून तयार असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो आणि त्याच वेळी दुसरा पकडतो. चाकांकडे जाणारी ताकद जवळपास तुटतच नाही.

रिले शर्यतीत बॅटन देताना दुसरा धावपटू आधीच पळायला लागलेला असतो, तसंच काहीसं.

या गिअरबॉक्सला त्याने नाव दिलं ऑटोसर्व्ह. १९३९ मध्ये तो बसवून बघितला गेला तो नेमका ट्रॅक्शन अवांमध्येच. जी गाडी ऑटोमॅटिक होता होता राहिली होती, तिच्यातच.

पण साल होतं १९३९. सप्टेंबरमध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि १९४० मध्ये फ्रान्स जर्मनीच्या ताब्यात गेला. नव्या गिअरबॉक्ससाठी ना पैसा होता ना कारखाना. कल्पना तिथेच थांबली.

याच काळात केग्रेसने पट्ट्यांवर चालणारं एक छोटं, चालकाविना चालणारं वाहनही बनवलं होतं. स्फोटकं भरायची आणि लांबूनच शत्रूकडे सोडायचं. १९४० च्या अखेरीस त्याचा नमुना सीन नदीच्या परिसरात जर्मनांच्या हाती लागला आणि त्यावरून त्यांनी गोलायथ हे शस्त्र तयार केलं. पुढे अशी साडेसात हजारांहून जास्त वाहनं बनवून जर्मनीने ती दोस्त सैन्याविरुद्ध वापरली. आपल्या देशासाठी बनवलेली वस्तू देश जिंकणाऱ्यांच्याच कामी आली.

१९४३ मध्ये पॅरिसजवळच्या क्रुआसी-सुर-सीन इथे केग्रेसचा मृत्यू झाला. फ्रान्स तेव्हाही जर्मनांच्याच ताब्यात होता.

६४ वर्षांनी शोरूममध्ये

ऑटोसर्व्ह अडकला त्यामागे युद्ध होतं, तसं अजून एक कारण होतं. पुढचा गिअर आधीच टाकून ठेवायचा तर ड्रायव्हर वेग वाढवणार आहे की कमी करणार आहे, याचा अंदाज मशीनला यायला हवा. दोन क्लचची सोड-पकड सेकंदाच्या छोट्याशा भागात जुळायला हवी. त्यासाठी लागणारे सेन्सर आणि कॉम्प्युटर १९३९ मध्ये नव्हते.

ते आल्यावर पोर्शेने १९८० च्या दशकात ही कल्पना रेसिंगमध्ये उतरवली. १९८६ मध्ये पोर्शे ९६२ ने पीडीके गिअरबॉक्स घेऊन इटलीतल्या मोंझाची शर्यत जिंकली. २००३ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ आर३२ मध्ये डीएसजी दिला आणि दोन क्लचचा गिअरबॉक्स पहिल्यांदा सामान्य ग्राहकाला विकत घेता येईल अशा गाडीत आला. मधे ६४ वर्षं गेली होती.

आपल्याकडे चाकणमध्ये बनलेल्या पोलो जीटी टीएसआयने २०१३ मध्ये डीएसजीची चटक लावली. त्या गाडीत तेव्हा मॅन्युअलचा पर्यायच नव्हता. पुढे चाकणमध्येच बनणाऱ्या व्हर्टसच्या १.५ लिटर टर्बो इंजिनसोबत ६ स्पीड मॅन्युअल आणि ७ स्पीड डीएसजी असे दोन्ही पर्याय आले. वाद तिथून जास्तच रंगला.

मग घ्यायचं काय?

वेगाचा विषय असेल तर निकाल लागलेला आहे. पोर्शे ९११ जीटी३ चं २०१७ चं मॉडेल घ्या. पीडीके असलेली गाडी ० ते १०० चा वेग ३.४ सेकंदांत गाठते, मॅन्युअल ३.९ सेकंदांत. इंजिन तेच, फरक गिअरबॉक्सचा. माणसाचा हात आणि पाय कितीही चपळ असला तरी आधीच टाकून ठेवलेल्या गिअरशी स्पर्धा करू शकत नाही.

पण याच गाडीची दुसरी बाजूही आहे. २०१३ मध्ये पोर्शेने जीटी३ फक्त पीडीकेमध्ये आणली, तेव्हा जुने चाहते नाराज झाले. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर ही फक्त मॅन्युअल गिअरची गाडी काढली. बनवल्या फक्त ९९१. त्या हातोहात गेल्या आणि जुन्या बाजारात मूळ किमतीच्या कितीतरी पटीने विकल्या जाऊ लागल्या. शेवटी २०१७ मध्ये जीटी३ मध्ये मॅन्युअलचा पर्याय परत आला. अर्धा सेकंद हळू आहे हे माहीत असूनही लोकांनी ती घेतली.

आपल्या रस्त्यांवर मात्र अर्ध्या सेकंदाचा प्रश्नच येत नाही. तिथे तीन गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली गोष्ट रोजचा रस्ता. रोज तास-दीड तास ट्रॅफिकमध्ये जात असेल तर डीसीटी डाव्या पायाला सुट्टी देतो. पण एक लक्षात ठेवायचं. डीसीटी हा साध्या टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकसारखा नाही. आत खरेखुरे क्लच असतात आणि गाडी इंच इंच सरकवत राहिलं की ते अर्धवट पकडीत घासून तापतात. त्यातही ड्राय क्लच असेल, म्हणजे क्लच तेलात बुडालेले नसतील, तर उष्णता लवकर चढते. म्हणून पुढच्या गाडीमागे सतत सरकत राहण्यापेक्षा थोडं अंतर पडू द्यायचं आणि मग एकदम पुढे जायचं. चढावर उभं राहायचं तर ॲक्सिलरेटरवर गाडी तोलायची नाही, ब्रेक दाबायचा.

दुसरी गोष्ट खर्च. मॅन्युअल गाडीची क्लच प्लेटही हाफ क्लचवर चालवून जळते, पण ती बदलणारा मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतो. डीसीटीचं तसं नाही. क्लचची जोडी, तो चालवणारं इलेक्ट्रॉनिक युनिट, सगळंच महाग आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरवर अवलंबून. हे तंत्रज्ञान अगदीच निर्दोष नाही, हेही दिसलेलं आहे. २०१३ मध्ये चीनमध्ये डीएसजीच्या तक्रारींमुळे फोक्सवॅगनला ३ लाख ८० हजारांहून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या. म्हणून गाडी घेताना गिअरबॉक्सवर किती वर्षांची वॉरंटी मिळते आणि ती वाढवून किती पैशात मिळते, हे आधी विचारायचं. सेकंड हँड डीसीटी घेत असाल तर सर्व्हिसची सगळी नोंद बघितल्याशिवाय टोकन द्यायचं नाही.

तिसरी गोष्ट तुम्ही गाडी कशासाठी घेताय ही. ताम्हिणीच्या किंवा वरंध्याच्या घाटात डीसीटीवर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून पॅडलने गिअर बदलता येतात आणि लक्ष रस्त्यावर राहतं. मॅन्युअलमध्ये वळणाआधी कुठला गिअर हवा हे तुम्ही ठरवता. चुकलं तर गाडी धक्का देऊन सांगते, जमलं तर तो आनंद फक्त तुमचा असतो. तो आनंद महिन्यातून दोन रविवार मिळणार असेल आणि उरलेले दिवस सिग्नलवर जाणार असतील, तर हिशोब स्वतःच मांडायचा. उलट गाडी घरातली दुसरी असेल, रोजच्या धबडग्यातली नसेल, तर मॅन्युअल घेऊन पस्तावलेला माणूस सापडणं अवघड.

केग्रेसने हा हिशोब कसा मांडला असता, हे सांगता येणार नाही. त्याचा प्रश्न कायम एकच राहिला, गाडीची चाल मधेच तुटू नये. बर्फात चाकं अडली तेव्हा त्याने पट्टा आणला, गिअर बदलताना ताकद तुटली तेव्हा दुसरा क्लच आणला. दोन्ही वेळा उत्तर बरोबर होतं. एकाचं चीज त्याने डोळ्यांनी बघितलं, दुसऱ्याचं नाही.

आणि ज्या ट्रॅक्शन अवांवर त्याने ऑटोसर्व्ह बसवला होता, ती गाडी पुढे १९५७ पर्यंत बनत राहिली. घाईघाईत बसवलेल्या त्याच ३ गिअरच्या मॅन्युअलवर. लोकांनी ती तशीच घेतली आणि तशीच चालवली.